भात बाहेर असताना रडायचं नाही

आई, तुला एक विचारायचं राहून गेलं. पोर रडलं की पाऊस येतो, हे तू खरंच मानायचीस, की आम्हा भावंडांना गप्प बसवायची ती युक्ती होती?

आपल्या घरी हा नियम फक्त कापणीपुरता होता. कापलेलं भात शेतात सुकायला पडलेलं आहे, भारे खळ्यावर यायचे आहेत आणि दुपारून आभाळ भरून येतं. हवा कोंदते, अंग चिकचिकतं, आम्ही उगाच एकमेकांना ओरबाडतो. तू चुलीपुढून ओरडतेस, "गप गो! भात बाहेर हाय आन् तू पावसाला हाका मारतेस?" मी फ्रॉकची कड तोंडात कोंबते. एका वर्षी मला हुंदका आवरला नाही. संध्याकाळी सर आली, भात भिजलं, दाण्यांना मोड आले. तू मारलं नाहीस. जेवायला वाढलंस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस.

पुढे मी कॉलेजात बालमानसशास्त्र शिकले, शाळेत शिकवलं, मुलांच्या डोक्यातून असल्या समजुती काढता काढता निवृत्त झाले. आता शहापूरला नातीला सांभाळते. ती चार वर्षांची आहे, तिची आई, माझी मुलगी, ठाण्याला नोकरीला जाते. दिवाळीनंतर बालवाडीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, ढगाळ दिवशी सगळीच पोरं किरकिरतात हो. बाहेर सोडता येत नाही, उकडतं, एक रडलं की रांगच लागते. पण तुमची रडत नाही. ओठ मिटून बसते आणि जो रडेल त्याला चावते." मी म्हटलं, आमच्याकडे शिस्त आहे. बाई हसल्या नाहीत. परवा पडून तिचा गुडघा फुटला, तेव्हाही ती रडली नव्हती, असं त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी विचारलं, "चावतेस का?"

"त्याला गप करायचं होतं. मामाआजोबांचं भात माझ्यामुळे भिजलं ना?"

मामाआजोबा म्हणजे तुझा धाकटा मुलगा. कापणीला आम्ही त्याच्याकडे गेलो होतो, डोळखांबच्या वरच्या अंगाला. ढग उतरले, ही कशावरून तरी भोकाड पसरून बसली, आणि माझ्या तोंडून तुझं वाक्य निघालं, तुझ्याच आवाजात. मी, जी घरात कधी 'गो' म्हणत नाही! पाऊस आलाच. भाऊ भातावर प्लास्टिक ओढता ओढता म्हणाला, "ताई, हिला मे महिन्यात धाड गो. विहिरी सुकतात तवा रडवू दोन दिस." सगळे हसले. ती हसली होती का, मला आठवत नाही.

कोणाचं काय कोणाला लागतं, तेच मला कळेनासं झालं आहे. हवा मुलांना लागते, हे पुस्तकात होतं आणि वर्गात मी पाहिलंही आहे. कोंदट दिवशी मारामाऱ्या, ऊन पडलं की तीच पोरं खांद्यावर हात टाकून हिंडतात. पण आपल्या अंगणात आम्ही किरकिरायचो ते हवेने, की ढग आले की तुझा आवाज बदलायचा म्हणून? आणि या पोरीला ढग लागतात की मी? इथे तिसऱ्या मजल्यावर भिजायला एक लोंबीसुद्धा नाही. तरी आभाळ झाकोळलं की ती ओठ मिटते. असंच चाललं तर ती रडायचं विसरेल, याची मला भीती वाटते. मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

काल दुपारी पुन्हा मळभ आलं. गॅलरीच्या दारात तिचं बोट चेमटलं. ती पांढरीफटक पडली, पण आवाज नाही. मी तिथेच फतकल मारून बसले, तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "रड. हवं तेवढं रड. रडण्याने पाऊस येत नाही." तिने माझं तोंड नीट न्याहाळलं आणि मग रडली, पार शेजारच्यांनी दार उघडून बघावं इतक्या मोठ्याने. मला बरं वाटलं. मध्येच ती थांबली.

"आजी, मग तू वर काय बघतेस?"

हे तुला पोचणार नाही, म्हणून सांगते. पंखा बघतेय, असं मी तिला म्हणाले. गॅलरीत पंखा नाही, आई.