मालक बाहेर गेलेत

नाशिक
१९ नोव्हेंबर १९७९

ती. कुसाआत्या हिस लताचा सादर जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू ‘बरा आहे’ असं लिहवलं होतंस, पण तुझं ‘बरा आहे’ मला ठाऊक आहे. (निवृत्ती गुरुजी, पत्र वाचून दाखवता म्हणून तुम्हालाही जय भीम. गुडघ्याचं खरं काय ते तुम्हीच दोन ओळी लिहा. तिला न सांगता.) इकडे आई बरी, मी बरी, आप्पाही बरे. आप्पांच्या दुकानाचं मात्र काही खरं नाही, आणि त्याला कारण आप्पाच आहेत. तुझ्या भावाची तक्रार तुझ्याकडे करणं मला शोभत नाही, हे लिहायच्या आधी तीनदा मनाशी म्हणून झालं. तरी लिहिते.

आम्हाला कॉलेजात सर शिकवतात की नवा धंदा तरतो की बुडतो, हे बरंचसं तो काढणाऱ्याच्या घराण्यावर ठरतं. दुकानदाराचं पोर तागडीशेजारीच रांगतं, त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. हे मी वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, गुणही मिळाले. मग घरी येऊन आपलं घराणं तपासलं. पणजोबांपासून कुणी काही विकल्याचं आठवत नाही. एक तू. तू नांदगावच्या बाजारात कोंबडी विकायला नेलीस आणि संध्याकाळी परत घेऊन आलीस, कारण घेणारा माणूस कोंबडीशी नीट वागेलसं तुला वाटलं नाही. (कापणारच होता ना तो! पण ते असो.)

अशा घराण्यातल्या आप्पांनी, अठ्ठावीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर शिपाई म्हणून उभं राहून झाल्यावर, त्याच कचेरीच्या फाटकासमोर पत्र्याची टपरी टाकली. कोरे अर्ज, कागद, टाचण्या, शाई. कचेरीच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा एक हातांची खुर्चीही आणली. नोकरीत रोज सकाळी पुसायचे तीच. अजूनही रोज पुसतात. बसत मात्र नाहीत. शेजारी उभे राहतात. तसा उभा माणूस पाहून गिऱ्हाईक साहजिकच विचारतं, “मालक कुठंयत?” आणि जन्मात कधी ज्यांना खोटं बोलताना मी ऐकलं नाही ते आप्पा शांतपणे सांगतात, “बाहेर गेलेत. येतीलच. तोवर पाणी घ्या.”

दुकान चालत नाही असं नाही. आप्पांना वाचता येत नाही, पण अर्ज ओळखतात. खाली दोन चौकोन तो उत्पन्नाच्या दाखल्याचा, मधोमध आडवी रेघ तो रेशनकार्डाचा. दिंडोरीकडचा एक शेतकरी आला तर त्याला म्हणाले, “आज नका घेऊ अर्ज. साहेब दौऱ्यावर. गुरुवारी या, अकराच्या आत. नंतर त्यांचं डोकं दुखतं.” शेजारचा चहावाला वाल्मीक कपाळावर हात मारून म्हणाला, “सावळीरामभाऊ, गिऱ्हाईक घरी पाठवून दुकान चालवणारे तुम्ही पहिलेच!” गुरुवारी तो शेतकरी आणखी चौघांना घेऊन आला. (हे कोणत्या घराण्याच्या खात्यात धरायचं, ते सरांना विचारायचं धाडस झालं नाही.) दुपारी कॉलेजातून आले की मी कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून लोकांचे अर्ज भरून देते. आप्पा माझ्यावर सावली धरल्यासारखे उभे.

आता संकट सांगते. परवाना ज्याच्या नावे आहे तोच माणूस दुकानात बसतो, की त्यानं टपरी परस्पर भाड्यानं दिली आहे, हे पाहायला तपासनीस येतात. दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा सकाळी. आप्पांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं, “मालक बाहेर गेलेत.” दुसऱ्या वेळी वाल्मीक ओरडला, “अहो साहेब, हेच मालक!” तर आप्पा म्हणाले, “त्याचं मनावर घेऊ नका साहेब. मालक दुपारनंतर असतात.” साहेबांनी वहीत लिहिलं, ‘मालक गैरहजर’. येत्या सोमवारी सकाळी तिसरी आणि शेवटची फेरी. तेव्हाही मालक नसले तर परवाना रद्द.

मी आप्पांना विचारलं, “खुर्चीत का बसत नाही?” म्हणाले, “ती मालकाची.” मी म्हटलं, “मग मालक कोण?” म्हणाले, “तू चहा घे.” आत्या, या माणसाचं काय करायचं? त्यांना रागवायची हिंमत एका तुझ्यात आहे. तू येऊन त्यांना दंडाला धरून बसव.

तुझी,
लता

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी सोमवारची तारीख चुकायला नको म्हणून आप्पांच्या पेटीतले कागद काढले. आप्पांना रागवू नकोस. परवान्यावर नाव आहे, ‘कु. लता सावळीराम पगारे’. सहीही माझीच. परीक्षेच्या सकाळी त्यांनी “इथं सही कर” म्हणून कागद पुढं केला होता. आयुष्यात न वाचता केलेली तेवढी एकच. मी कागद घेऊन समोर उभी राहिले तर म्हणाले, “मी खोटं कधी बोललो? मालक कॉलेजात गेलेले असायचे.” मला का नाही सांगितलं? “तू घाबरट. शेवटची परीक्षा होऊ दे म्हटलं.” आणि माझंच नाव का? तर खुर्चीकडं बघत म्हणाले, “आपल्यात पहिल्यांदा जो कुणी हिच्यात बसेल, त्याला वाचता यावं.” (गुरुजी, इथं जरा थांबा. आत्याला पाणी द्या.)

ता. क. २ : तू तरी ये. आता रागवायला नाही. सोमवारी मला बसावंच लागेल, आणि आप्पा शेजारी उभे असताना माझ्यानं बसवणार नाही. ते म्हणतात, मालक बसले की मी उभा राहणारच. तू आलीस तर तुझं ऐकून ते स्टुलावर तरी बसतील. स्टूल मी वाल्मीककडून मागून ठेवलंय. खुर्चीपेक्षा चार बोटं उंच आहे, मोजून घेतलंय.