प्रभूसाठी काढलेली मूठ

वांकिडी, बुधवार रात्र, नोव्हेंबर १९५६

आज आत्याबाईंवर चिडले. सासूवर चिडायचे हे दिवस नाहीत, कळतं. माझे हे वारून वर्ष झालं, या महिन्यात गाव आंध्रात गेलं, आणि सोमवारी भरदुपारी चुलीची ठिणगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर पडून घर जळालं. शेजारणीने टोपलीभर ज्वारी दिली, तर आत्याबाईंनी आधी चर्चसाठी मूठ काढली. रोज दळण्याआधी काढतात तशी. मुठीचं मडकं आगीत फुटलं, म्हणून पदराच्या गाठीत बांधली.

मी म्हणाले, "तुमी हे काऊन करता? रविवारी ते धान्य सगळ्यात गरजू घरी जाते. या खेपेला ते घर आपलंच हाय."

"ठाव हाय मले," त्या म्हणाल्या. "घेनारे झालो म्हून प्रभूनं देनाऱ्यांतून आपलं नाव थोडीच काढलं?"

मला अजून प्रार्थना जमत नाही, नुसते डोळे मिटते. त्यांना मात्र झोप लागली, ती गाठ हातात धरून. हेवा वाटतो का मला?

संध्याकाळी शेजारणीच्या जात्यावर मीच बसले. दाणे घालण्याआधी हात थांबला. माझी मूठ त्यांच्याहून लहान निघाली. पण निघाली.