बांधावरचं फडकं

३ सप्टें., बुध.
गूळ गेला. सकाळी पिंजऱ्यात बघते तर आडवा, पोट फुगलेलं. शेंगा कोपऱ्यात गप्प, शिट्टी नाही काही नाही. कामशेतच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. म्हणाला, फवारलेलं गवत घातलं का ताई? म्हटलं, छे, बांधावरची हरळी, रोजचीच.

प्रणाली नाशिकला नर्सिंगला गेली तेव्हा गूळ-शेंगा, दोन्ही गिनीपिग माझ्या पदरात टाकून गेली. भिंतीवर कागद चिकटवलाय. गवत विळ्यानं कापायचं, बंगल्यांच्या लॉनवर मशीन फिरवतात ते नको. ढीग करून ठेवायचं नाही, तापतं. धुऊन, झटकून, थोडं थोडं. फवारलेलं कधीच नाही. सगळं पाळलं. लेकीला अजून सांगितलं नाही. तोंडच होत नाही.

४ सप्टें.
बांधावर जाऊन आले. आमच्या खाचराच्या पलीकडं ह्यांच्या चुलतभावाचं, नामदेवचं. मधल्या बांधाचं गवत दोघांनी कापायचं, सासऱ्यांपासून चालत आलंय. त्याच्या अंगाची, त्याच्या बाजूची हरळी पिवळी पडलीय, करपल्यासारखी. सोमवारी कापली तेव्हा हिरवीगार होती. तणाच्या औषधाला रंग दाखवायला दोन-तीन दिवस लागतात.

फवारलं की काठी रोवून फडकं बांधायचं, हे आमच्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मग कुणी गुरं घालत नाही, विळा लावत नाही. काठी आहे. फडकं नाही. काठी रोवायला हात होते, फडकं बांधताना लुळे पडले का?

५ सप्टें.
गाठलाच त्याला, दूध घालून येताना.
“बांधलं हुतं की वहिनी. तांबडं, हिच्या जुन्या पातळाचं.”
“मग गेलं कुठं?”
“मला काय ठावं? आन् उंदरापायी येवढं व्हय?”
वर हसला. चोर तो चोर, वर शिरजोर. उंदीर म्हणे! पिशवी वाजली की शिट्टी मारायचा गूळ, माझ्या पायाचा आवाज ओळखायचा. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, जाऊ दे, भाऊबंदकी नको. ह्यांचं आयुष्य जाऊ दे म्हणण्यात गेलं.

६ सप्टें.
शेंगा नुसता सुका पेंढा कुरतडतो. त्या दिवशी त्यानं हरळीला तोंड लावलं नव्हतं म्हणून वाचला. बेडशाच्या लेण्यांखालच्या उतारावरून गवत आणलं, तिथं कोण फवारतंय. चालत तासभर गेला. चार काड्या खाल्ल्या. पवनानगरच्या तंबूच्या कॅम्पवाल्याला चार गोधड्या शिवून द्यायच्यात. चिंध्यांचा ढीग पडलाय, हात लावावासा वाटत नाही.

७ सप्टें., रवि.
प्रणालीचा फोन. “आई, गूळला दाखव ना.” म्हटलं, झोपलाय. जन्मात पहिल्यांदा लेकीशी खोटं बोलले, तेही नामदेवमुळं. ह्याची खोड मोडल्याशिवाय मी राहायची नाही.
त्याची कपिली गाय गाभण आहे. रोज सकाळी आठला सोडतो, आणि आमच्याच अंगाचं गवत आधी खाते ती.

८ सप्टें.
पवनानगरहून औषध आणलं. ह्यांना म्हटलं, तण लय झालंय. दुपारी आमच्या अंगाचा बांध फवारला. पंपाचा पट्टा खांद्याला काचला, पण बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू.
काठी रोवली. फडकं बांधलं नाही. विचारलं तर सांगीन, बांधलं होतं की भावजी.
नामदेव सासुरवाडीला गेलाय, कपिली गोठ्यात बांधून. बुधवारी सोडणार.

९ सप्टें.
हात रिकामे, म्हणून गोधडी घेतली. गाभण जनावर. पण गूळ काय दगड होता?

९ सप्टें., दु.
गोधडीची एक पट्टी जोडून झाल्यावर नीट बघितलं. तांबडं कापड, बारीक पांढरी फुलं. एका टोकाला गाठ मारल्याच्या चुण्या, काठीचा चिखल.
नामदेवच्या बायकोचं पातळ. दर संक्रांतीला हेच नेसायची.
आठवलं. हरळी कापली त्या सोमवारी वारं सुटलेलं. हे हरळीत पडलं होतं. कापड चांगलं आहे, गोधडीला होईल, म्हणून उचललं. कुठून आलं, वर मान करून बघितलं नाही. त्याच पाटीत, गवताच्या वर टाकून घरी आणलं.
चिंधी दिसली की माझा हात आपोआप जातो. वीस वर्षांची सवय.
जेवले नाही.

१० सप्टें., बुध., सकाळ
नामदेव काल संध्याकाळी आलाय. कपिली हंबरतेय, इथपर्यंत ऐकू येतं.
तांबडी पट्टी उसवली. मांडीवर आहे. शेजारी माझ्या साडीची हिरवी. हिरवी बांधली तरी गाय वाचेल आणि कुणाला काही कळायचं नाही. तांबडी बांधली तर तो लांबूनच ओळखेल. मग काय काय सांगावं लागेल. माझ्याच हातानं गूळ गेला, हे प्रणालीलासुद्धा.
उंदीर म्हणाला त्याचा राग अजून तसाच आहे. हसला त्याचाही.
सव्वासात झाले. शेंगा शिट्टी मारतोय, आठवड्यात पहिल्यांदा. त्याला गवत घालते आणि निघते. दोन्ही फडकी बरोबर घेतलीत.