उलट्या वेटोळ्याचं झाकण

पूस ३
वही फुकट मिळाली. काठमांडूच्या मॅडम म्हणाल्या, रोज काय शिकलात ते लिहा. लिहितो. आज शिकलो की बारा बायकांत एकटा पुरुष बसला की बूड अवघडतं.

गवताच्या टोपल्यांचं वर्कशॉप. जगनीकाकी शिकवणार. मला बघून म्हणाली, "फिरू, हे बायकांचं काम. तुझा बाप मासे धरायचे बांबूचे सापळे विणतो, ते शीक जा." मी म्हटलं, मॅडम म्हणाल्या कोणीही या. मॅडमनी लगेच माझा फोटो काढला. काकीचा नाही काढला. टॅलेंट लांबूनच दिसतं.

घरी सांगितलंय की रोजगारासाठी शिकतोय. खरं कारण लौटनी, त्या बारांतली एक. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, म्हणजे जोडी एकदम बरोबर. तिला अजून माहीत नाही. आठवड्यात विणायला शिकायचं, दुसऱ्या आठवड्यात सांगून टाकायचं. प्लॅन पक्का.

पूस ५
टोचा बोटात तीनदा घुसला. काकीच्या छत्रीची काडी घासून केलेला टोचा, तरी गवतापेक्षा बोट बरं ओळखतो.

गवताची जुडी गोल गोल फिरवत न्यायची, टोच्यानं भोक पाडायचं, ओलं पातं त्यातून ओढायचं. बस. मी डावरा, म्हणून माझं वेटोळं उलटं फिरतं. काकीनं सगळं उसवलं. पुन्हा केलं, पुन्हा उसवलं. म्हणाली, "गावातल्या सगळ्या टोपल्या एकीकडे फिरतात आणि तुझी दुसरीकडे. घरी जाताना तरी सरळ जातोस ना?" सगळ्या हसल्या. लौटनी सगळ्यात कमी हसली. नोंद करून ठेवतो.

पूस ९
गवत भिजवायच्या घंगाळात बेडूक सोडला. तो लौटनीसाठी होता. हात काकीनं घातला.

शिक्षा म्हणून दिवसभर रंगाची कढई ढवळली. कोपरापर्यंत गुलाबी झालोय. आई म्हणाली, नवरी झालायस. पण लौटनी इतकी हसली की डोळे पुसत होती. ज्या मुलीला आपण हसवतो ती निम्मी आपलीच असते.

उद्यापासून खोड्या बंद. सीरियस दिसायचं.

पूस १०
काकीच्या चपला छपरावर. शेवटची खोडी. खरंच.

पूस १२
लौटनी मोठी टोपली विणतेय. हिरव्या जमिनीवर लाल मासे. आमच्याकडे मुलगी आपल्या लग्नाच्या टोपल्या आपणच विणते, त्यातूनच तिचं सामान सासरी जातं. म्हणजे लग्नाचा विचार तिच्या मनात आहे. सीरियस तोंड करून विचारलं, कुणाचं लग्न गं? म्हणाली, "माझ्या मामाच्या म्हशीचं. तू येणार ना वाजवायला?"

म्हणजे अजून ठरलेलं नाही. ठरलं असतं तर लाजली असती.

नंतर गवताची जुडी धर म्हणाली. बारा बायका होत्या, तरी मलाच सांगितलं. (मी सगळ्यात जवळ बसलो होतो हे मान्य. पण जवळ बसू तर दिलं.)

पूस २१
घरी गुपचूप झाकण विणायला घेतलंय. तिच्या मोठ्या टोपलीचं. ती पाणी प्यायला गेली तेव्हा दोरीनं तोंडाचं माप घेतलं. चार दिवसांत चार बोटं विणून झालं. उलटंच फिरतंय, पण इथे उसवायला काकी नाही.

बाबा सापळा विणता विणता बघत होते. म्हणाले, "मुलीकडे बघून विणतोयस की गवताकडे?" मी म्हटलं, गवताकडे. म्हणाले, "मग बोटातून रक्त का येतंय?"

म्हाताऱ्या माणसांना प्रेमातलं काही कळत नाही.

पूस २९
झाकण झालं! किंचित डुगडुगतं. डिझाइन म्हणून मासा काढलाय. वहिनीला वाटलं वांगं.

परवा माघी. आमचं नवीन वर्ष. सगळं घर बसतं आणि वर्षात काय करायचं ते एकेकजण बोलतो. माझी पाळी आली की उभा राहून सांगणार, "मला लौटनीशी लग्न करायचंय." म्हशीसमोर चार वेळा म्हणून बघितलं. म्हशीला पटलं.

माघ १, सकाळ
थंडगार नदीत बुडी मारली. डोकं साफ. आजच.

माघ १, दुपार
डुकराचं मटण, तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिक्री, सगळं पोटभर. मग बैठक. दादाला शेळ्या पाळायच्यात. वहिनीला माहेरी महिनाभर जायचंय. माझी पाळी आली. उभा राहिलो. म्हटलं, सायकलची चेन बदलायचीय.

घसा बसला होता. नदीचं पाणी फार गार होतं.

माघ १, संध्याकाळ
वहिनी लौटनीच्या घरून वाटी परत घेऊन आली. म्हणाली, त्यांच्या बैठकीत लग्नाची तारीख ठरली. फागुन पाच. बबई नदीपलीकडचा मुलगा. मलेशियाहून आलाय. बोलणी दसऱ्यातच झाली होती.

मी विचारलं, मला कोणी का नाही सांगितलं? वहिनी म्हणाली, "अरे, सगळ्या गावाला माहीत आहे."

म्हणजे वर्कशॉपमधल्या बाराही बायकांना. काकीला. बेडकालाही असणार.

माघ ४
वर्कशॉपला गेलो नाही. ताप. आईनं कपाळाला हात लावला, म्हणाली, ताप नाही. आतला ताप हाताला लागत नसतो.

झाकण कोंबडीखाली टाकलं. ती लगेच बसली. अर्ध्या तासानं काढून घेतलं, धुतलं. ओरबाडलं तिनं.

ठरलं. आता आयुष्यात गवताला हात लावायचा नाही.

माघ १०
लौटनी घरी आली. तारीख जवळ आलीय, एका टोपलीला झाकण नाही, हात दुखतायत. वहिनीनं सांगितलं म्हणे, फिरूकडे एक लटकतंय. म्हणाली, "देशील? सगळं मीच विणायला हवं खरं तर. पण इतकं बारीक कोण बघतंय."

दिलं. तिनं टोपलीवर ठेवलं. बसलं. एकदम बसलं, डुगडुगलंसुद्धा नाही.

म्हणाली, "इतकं मापात कसं रे?"
मी म्हटलं, अंदाजानं.

तिनं झाकण उचललं, पुन्हा बसवलं, मग माझ्याकडे बघितलं. मला एखादा जोक सुचायला हवा होता. मला नेहमी सुचतो.

"फिरू, तू ना..." एवढंच म्हणाली आणि गेली. वाक्य अर्धं राहिलं. अर्धं वाक्य म्हणजे काहीही असू शकतं. अजून पंचवीस दिवस आहेत.

फागुन ४
आजपर्यंत वाक्य पूर्ण करायला आली नाही. कामात असेल.

उद्या टोपल्या वाहून न्यायला गावातली पोरं लागणार. मी नाव दिलं. लग्नात धमाल करणार. एक बेडूक पकडून ठेवलाय, झाकणाखाली घालणार. सासूनं उघडलं की उडी!

फागुन ६
काल टोपल्या पोचवल्या. मासेवाली मी कोणाला दिली नाही. बबईत गुडघ्याएवढं पाणी होतं, टोपली डोक्यावर घेतली, थेंब उडू दिला नाही. बेडूक नदीत सोडला. त्याची काय चूक.

पलीकडे अंगणात सगळ्या टोपल्या मांडल्या. सासू एकेक हातात घेऊन फिरवून बघत होती. बायका कौतुक करत होत्या. माझ्या झाकणाशी थांबली. डोळ्याजवळ नेलं.

"नवरीबाई, हे उलटं फिरलंय. हे तुझ्या हातचं नाही. कोण डावरा आहे तुमच्यात?"

माझा डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

लौटनी पदराआडून म्हणाली, "धाकट्या भावानं केलंय. हट्टच धरला होता त्यानं."

सासू हसली. बायका हसल्या. कुठाय, कुठाय म्हणाल्या, आमच्या पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मला पुढे ओढलं, चटईवर बसवलं, डोक्याला फेटा बांधला. नवरीच्या भावाचा मान म्हणून मटणाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात. नवऱ्यानं पाठ थोपटली. चांगला माणूस वाटला. तेही नडलं.

तुकडा खाल्ला. आणखी वाढला, तोही खाल्ला.

चार महिन्यांनी मोठा आहे मी तिच्यापेक्षा.