सहा झाकणं दालचिनी

१४ ऑक्टोबर

ती. आईंना नमस्कार.

(घटस्फोटानंतर तुम्हाला ‘आई’ म्हणता येतं का, हे वकिलांना विचारायचं राहून गेलं. म्हणून म्हणतेय.)

गुडघा कसा आहे? मी मजेत. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे. परवा एका बाईंनी नवा नंबर लावून नवऱ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “जुनाच राहू द्या.” मालक अजून हसतायत.

पहाटे जरा गारवा जाणवायला लागलाय. म्हणजे तुमच्या केक-कॉफीच्या मसाल्याचे दिवस. तेच लिहायचंय, पण हात उगाच इकडेतिकडे फिरतोय.

मंगळवारी तुमच्या नणंदबाई चष्म्याची काडी बसवून घ्यायला आल्या. मला अजून “अगं ए” म्हणतात, म्हणजे आमचं नातं शाबूत आहे. मी सहज विचारलं, “आईंचा मसाला झाला का?”

“कसला मसाला! तीन वर्षं झाली, केक खा नाहीतर कॉफी प्या, नुसतं जायफळ. गेल्या वर्षी पाहुणे सोफ्यावरच पेंगले. वहिनी म्हणते, वय झालं, हात चुकायला लागला. यंदा करणारच नाही. बरण्यासुद्धा देऊन टाकल्या तिने.”

माझ्या हातून स्क्रू तीनदा खाली पडला.

आई, तुमचा हात चुकलेला नाही. तुमचं झाकण मी चोरलंय.

तेच, बामच्या बाटलीचं हिरवं, कडेला चेपलेलं. कपाटाच्या दारावर आतून तुम्ही लिहून ठेवलंय ना: दालचिनी सहा झाकणं, सुंठ तीन, वेलची एक, लवंग अर्धं, आणि जायफळ आख्खं एक. ते सापडेना म्हणून तुम्ही दुसरं कुठलंतरी लहान झाकण घेतलं असणार. बाकी सगळं कमी पडलं, जायफळ मात्र तेवढंच राहिलं. आणि तुम्ही स्वतःला म्हातारी ठरवून मोकळ्या झालात! एवढी घाई कशाला?

माझं तुमच्या मुलाशी पटलं नाही, त्याचा राग तुमच्यावर काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण मी निघाले तेव्हा तुम्ही ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या, एकच पातेलं घासत राहिलात. वळला नाहीत. मला फार लागलं. समोर झाकण दिसलं, ते पर्समध्ये टाकलं. मग बसमध्ये रडायला रुमाल काढला, तर त्यालाही दालचिनीचा वास.

पहिल्या वर्षी तुमची पंचाईत व्हावी म्हणूनच ठेवलं, खोटं कशाला बोलू? नंतर परत करायचं धाडस होईना. दर वर्षी त्याच झाकणाने मी एकटीपुरता मसाला करते. दालचिनी कोमट तव्यावर, सुंठ दोनदा चाळून, लवंग शेवटी. कॉफीत चिमूटभर टाकताना तुम्ही मागून म्हणताय असं वाटतं, “हात आवर गं, लवंग फार आगाऊ असते.” मला तुमची आठवण येते, आई. त्या घरातलं बाकी काही आठवत नाही.

पार्सलमध्ये झाकण आहे, एक जायफळ आहे आणि माझी रिकामी बरणी आहे. मसाला करा. बरणी भरून पाठवा, नाहीतर रविवारी मला सुट्टी असते, मीच येईन. दारातूनच घेऊन जाईन, आत बोलावलं नाहीत तरी चालेल.

बरणीतून सहा झाकणं दालचिनीचा वास आला, तर मला माफ केलंत असं समजेन. जायफळाचा भपकारा आला, तर समजेन की झाकण असूनही मुद्दाम केलंत. तोही संपवेन, पेंगत पेंगत.

(सून म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून नुसतीच)
तुमची