काठमांडूची मुरड

अहमदपूर, जिल्हा लातूर
(पाकिटावर ‘उस्मानाबाद’ लिहिण्याचा तुझा हट्ट आता सोड.)
दि. २४ मे १९८७

प्रिय केरबा,

सविनय, सस्नेह आणि घामाघूम जय भीम.

तू कुशल आहेस असे गृहीत धरून इकडचे क्षेम निवेदन करतो. जिल्हा नवा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्यांवर ताजा रंग आला. पाणी तेवढे जुन्या जिल्ह्यात विसरून राहिले असावे. आपल्या गल्लीत टँकर येतो तेव्हा जो संग्राम होतो, त्यापुढे कुरुक्षेत्र ही किरकोळ बाचाबाची वाटते. हायस्कुलात मी अजूनही संस्कृत शिकवतो आणि मुले अजूनही ते शिकत नाहीत. उभयपक्षी शांतता आहे.

आता मुख्य वृत्त. अस्मादिक, एस.टी.चे कंडक्टर ज्ञानोबा आणि कापडदुकानदार शिवमूर्ती अशी त्रिमूर्ती गेल्या महिन्यात यात्रेच्या बसने बुद्धगया, लुंबिनी करून काठमांडूस जाऊन आली. आम्हा दोघांना लुंबिनीचे कारण होते, शिवमूर्तीला पशुपतिनाथाचे. तिसरे कारण तिघांचे सामाईक होते. ते तू.

तुला आगाऊ पोस्टकार्ड टाकावे असा प्रस्ताव मी मांडला होता. ज्ञानोबा कडाडला, “कळवून जायला आपण काय त्याचे सोयरे हाव का, गुरुजी? थेट हाटेलात जाऊन बसायचं अन् आवाज द्यायचा, मालक, तीन पाणी!” तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे कळवून येतो तो पाहुणा आणि न कळवता येतो तो आपला. प्रस्ताव एकमताने बारगळला. माझेही मत त्यात होते.

नगर रमणीय आहे. तेथील खाद्यसंस्कृतीचा आम्ही सांगोपांग अभ्यास केला. सेलरोटी नामक पदार्थ म्हणजे जिलेबीने संन्यास घेऊन तांदळाचे व्रत धरावे तसा. छुर्पी म्हणजे याकच्या दुधाचा वाळवलेला खडा. ज्ञानोबाने तो देवळापाशी गालात धरला, राजवाडा आला तरी त्यावर दाताची खूण उमटली नाही. “गुरुजी, हे खायचं हाय का गोफणीत घालायचं?” भक्तपूरला मातीच्या भांड्यात असे घट्ट दही मिळाले की शिवमूर्तीचे डोळे पाणावले. “आपल्याकडं जनावराला प्यायला पाणी न्हाई, अन् हे लोक दही कापून खातेत!” त्यानंतर त्याने दुसरे भांडे मागवले. वैराग्याला मर्यादा असतात.

तुझे हॉटेल मात्र सापडले नाही.

काचेचे दार, भिंतीभर आरसे, पांढऱ्या टोप्यांचे चार वाढपी आणि दर्शनी भागावर देवनागरीत ‘हॉटेल लातूर’. तुझ्या पत्रांतले हे वर्णन मला मुखोद्गत आहे. जिल्हा झाल्याचे मी कळवल्यावर तू जुने नाव पुसून हे नवे लिहवलेस, ते वाचून आपल्या चहाच्या टपरीवर त्या दिवशी कोणी कोणाला पैसे देऊ दिले नाहीत. तुझ्या पत्त्यात नुसता टपालपेटीचा क्रमांक, तरी आम्ही पुष्कळ फिरलो. दोष सर्वस्वी आमच्या भूगोलाचा. परक्या शहरात गल्ल्या एकसारख्याच दिसतात.

येथे हे पत्र थांबवणे श्रेयस्कर ठरले असते. हा चौथा खर्डा आहे आणि मागचे तिन्ही मी नेमके याच वाक्यावर थांबवले होते.

असनच्या बाजारामागे एक अरुंद बोळ आहे. तेथे वाफेने भरलेल्या एका खोपट्यात आम्ही मोमो नावाचा पदार्थ मागवला. उकडलेली पारी, आत सारण. शिवमूर्तीसाठी कोबीचे हवे होते. दुकानदारीण म्हणाली, मिळतील, मागे हिंदुस्थानातला एक माणूस आहे, तो करतो. ताटली आली. मी एक उचलला आणि माझे पांडित्य बोटांतच गोठले.

मोमोची चुणी मी तोवर चार ठिकाणी पाहिली होती, वर गोळा केलेली, पोटलीसारखी. ही तशी नव्हती. ही कडेने घातलेली मुरड होती, बारीक, तिरपी, शेवटी नखाने दाबलेली. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक लग्नात तुझी आई, आम्हा सर्वांची नागुबाईमावशी, करंज्यांना घालत असे ती. आणि तिच्या शेजारी पाटावर बसून एकटा तू घालायचास, आणि आम्ही तुला चिडवायचो.

ज्ञानोबाने चटणी चाटली. “आपल्याकडचं कारळं हाय ह्यात,” तो हळूच म्हणाला.

वाऱ्याने मागचा पडदा हलला, केरबा.

तू पाठमोरा होतास. केस पार पिकलेत. दुकानदारीण काहीतरी ओरडली आणि तू मान न वळवता होकार दिलास. ज्ञानोबा उठला होता. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवले. ज्याने इतकी वर्षे पत्रांतून आम्हाला आरसेमहालात बसवून जेवू घातले, त्याला पिठाच्या हातांनी आमच्यापुढे कसे उभे करावे? विनोदी माणसाला प्रसंगावधान असते असा एक लोकप्रवाद आहे. माझा शब्दकोश त्या क्षणी मला सोडून पसार झाला. आम्ही पैसे ठेवून बाहेर पडलो. एक मोमो ज्ञानोबाने रुमालात बांधला होता. आतले सारण त्याने बसमध्ये खाल्ले. पारी वाळत वाळत अहमदपूरपर्यंत आली.

कळवून आलो असतो तर तू एक दिवस उसना सदरा घातला असतास, आम्हाला कुठेतरी बरे जेवू घातले असतेस, ‘हॉटेलची डागडुजी चालू आहे’ म्हणाला असतास. आम्ही मान डोलावली असती, आणि तुला पोटभर पाहिले असते.

गावी आल्यावर मावशीकडे जाणे प्राप्तच होते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे.

“कसं हाय रं लेकराचं हाटेल?”

शिवमूर्ती दुकानात शपथेवर कापड खपवणारा माणूस. त्याने काचेचे दार, आरसे, टोप्या, सगळे दिले. “लई मोठं हाय, मावशी.”

मला वाटले, ती हरखेल. तिने तोंड भिंतीकडे केले. “मंग न्हाई येत त्यो. येवढं सोडून कोण येतंय हितं, टँकरमागं पळायला?”

आमचा परोपकार असा फळास आला. तेव्हा ज्ञानोबाने ती वाळकी पारी तिच्या तळहातावर ठेवली. “तिकडचं खाणं हाय.”

तिचा अंगठा कडेवरून फिरला. एकदा. मग उलट्या बाजूने.

“ही मुरड माझी हाय.”



“मालकाला कशाला आलंय मुरड घालत बसायला?” ती म्हणाली.  पुढे जे बोलली ते जसेच्या तसे देतो, त्यात माझा एकही शब्द नाही.

“बरं झालं. मालक असता तर आला नसता. आता यील.”

तेव्हापासून टँकर आला की ती आपल्या वाट्याची एक घागर वेगळी झाकून ठेवायला लावते. तू लांबून येशील, धुळीने माखलेला असशील, अंघोळीला लागेल म्हणून. पाणी शिळे होते म्हणून रोज जुने भांड्यांना वापरते आणि नवे भरून घेते. हंड्याहंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या आपल्या गल्लीत त्या घागरीला कोणी हात लावत नाही.

नव्या जिल्ह्यात कचेऱ्यांपुढे खानावळी निघत आहेत. पाटीचे नाव सुचवणार नाही. आरशांची गरज नाही.

उत्तर पाठवू नकोस. तारीख कळवू नकोस. आम्ही तुझे सोयरे नाही.

न कळवता ये.

पडद्याच्या अलीकडे बसून राहिलेला,
तुझा
साहेबराव