खोऱ्यातल्या बायकांचा कागद

वायपिओ खोरं, सप्टेंबर १८९७

प्रिय मिलियामा,

आठ दिवस झाले, खोऱ्यात उतरलेलं धुकं उठायचं नाव घेत नाही. अळूच्या खाचरांतून चालताना आपल्याच पावलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. काल पहाटे पाणी सोडायला गेलो आणि काम विसरून बांधावर नुसता बसून राहिलो. तुझ्या आईला वाटलं, मी वाहून गेलो. तिचा गुडघा दुखतो, बाकी बरी आहे.

सह्यांच्या कागदांबद्दल तू लहायनाला ऐकलंच असशील. अमेरिकेला आपली बेटं स्वतःत जोडून घ्यायची आहेत, आणि ते आम्हाला नको, असं लिहिलेले कागद बेटाबेटांवर फिरताहेत. पुरुषांचा कागद वेगळा, बायकांचा वेगळा. नाव लिहायचं आणि पुढे वय. मी चर्चमध्ये बायबल वाचतो म्हणून खोऱ्याचे कागद माझ्या हवाली झाले. पहिल्याच दिवशी केआला मावशीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तरीणबाईंचं नाव कुठाय? का त्या आता तिकडच्या झाल्या?" मी ऐकलं न ऐकलं केलं. तुझं नाव तिथं दिसलं तर तुझी शाळा जाईल, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

राणीला गादीवरून उतरवलं, त्या जानेवारीत आपण लावणी करत होतो, आठवतं? खेचरवाला चार दिवसांनी बातमी घेऊन कडा उतरला. तुझ्या आईनं विचारलं, "मग आता राज्य कुणाचं?" तो म्हणाला, "गोऱ्या ऊसमळेवाल्यांचं," आणि प्यायला पाणी मागितलं. एवढंच झालं. कड्यावरून धबधबा पडत होता, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात जात होतं, आणि गुडघाभर चिखलात उभे राहून आपण दुसऱ्या देशाचे झालो होतो. मला अजून कधीकधी वाटतं, की ते आपण झोपेत ऐकलं.

मग गेल्या नाताळात तू आलीस. कुटलेल्या अळूच्या पोईचं भांडं जेवायला मधे ठेवून त्यावरचं झाकण निघेपर्यंत थांबलीस आणि मग शांतपणे म्हणालीस, "बाबा, मी नव्या सरकारच्या शपथेवर सही केली. त्याशिवाय शिकवू देत नाहीत." मोठी हुशार! अळू आपला थोरला भाऊ, आधी तो जन्मला आणि मग माणूस. पोई उघडी असताना त्याच्यासमोर कुणी वाकडा शब्द काढायचा नाही, हे तुला मीच शिकवलं होतं. माझी दोन बोटं पोईत तशीच राहिली. तुझी आई तर तुझ्याही वरताण निघाली. संध्याकाळपर्यंत तिनं भांडं झाकलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुझी बोट होती.

तेव्हा मला जे बोलायचं होतं ते राग होता की भीती, हे मला इतक्या महिन्यांतही नीट कळलेलं नाही. वर्गात आपली भाषा बोलली की मुलांना शिक्षा होते, म्हणून मधल्या सुट्टीत तू त्यांना फणसाच्या झाडाखाली नेतेस आणि आपल्या बोलीत बोलू देतेस, असं तू आईला सांगितलंस. त्या वेळी मी भिंतीपलीकडे जागाच होतो. तुझी शाळा गेली तर त्या झाडाखाली त्यांना कोण नेईल?

कागद आले त्या आठवड्यात मला स्वप्न पडलं. राणी आपल्या बांधावरून चालत होती, झग्याची कड चिखलानं भरलेली. ती प्रत्येक घरापाशी थांबून विचारत होती, इथं कोण कोण आहे? आपल्या घरापाशी आली तेव्हा मी तिघांची नावं सांगितली. तिनं मान हलवली आणि धुक्यात पुढे गेली.

जाग आल्यावर मी बायकांचा कागद काढला आणि तुझ्या आईच्या नावाखाली तुझं नाव लिहिलं. मिलियामा काहेले, वय तेवीस. तुझ्यासारखंच वळण काढून लिहिलं. तुला वाळूत अक्षरं गिरवायला मीच शिकवलं होतं, त्यामुळे जड गेलं नाही. फार बरं वाटलं, पोरी. घर पुरं झाल्यासारखं वाटलं.

रविवारी प्रार्थना माझ्याकडे होती. ज्यांनी आम्हाला न विचारता आमचा देश आपल्या नावावर लिहून घेतला, असं म्हणू लागलो आणि "न विचारता" पाशी जीभ अडकली. शेवटी सगळ्यांसमोर मी काय केलं ते सांगितलं. मग केआला मावशी म्हणाली, "म्हणजे आता आम्ही सगळ्यांनी परत सह्या करायच्या? मागच्या वेळी मी वय साठ सांगितलं होतं. तेच लिही." नाव खोडलं असतं तरी खालून दिसलं असतं, म्हणून तो कागद मी चुलीत घातला. एकेचाळीस बायका चिखलाच्या पायांनी पुन्हा आल्या आणि मला बोल लावत सह्या करून गेल्या. मावशीनं सर्वांत जास्त लावले, आणि तीच सर्वांत आधी आली होती.

आता हे पत्र का, ते सांगतो. हे मंगळवारच्या बोटीनं येईल. बेटाबेटांवरचे कागद गोळा करून राजधानीला नेणाऱ्या बाई शुक्रवारच्या बोटीनं निघतील. शनिवारी सकाळी ती बोट लहायनाच्या धक्क्याला तासभर थांबते. बाईंच्या टोपीला पिवळ्या पिसांची पट्टी आहे. त्या तुला शोधणार नाहीत, तुझं नाव कुणापाशी काढणार नाहीत. तसं मी त्यांच्याकडून वचन घेतलंय. आपल्या खोऱ्याच्या कागदावर तुझ्या आईच्या नावाखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. तू धक्क्यावर गेलीस तर तुझ्या हातानं लिही. शाळेतच थांबलीस तर मी कधी विचारणार नाही, आईही विचारणार नाही, आणि नाताळात तुझी वाट तशीच पाहू. त्या ओळीवर दुसऱ्या कुणाचं नाव घालू नका, एवढं मी बाईंना सांगितलंय. कोरी राहिली, तर ती कोरीच अमेरिकेला जाईल.

तुझाच, उशिरा विचारणारा,
बाबा